शिक्षण परिषद: सकाळी अडीच स्टार, दुपारी पाच

हॉटेलांना, मोबाइलच्या कव्हरांना, अगदी पिठाच्या गिरणीलाही लोक स्टार देतात. नोकरीला लागल्यापासून मी जी सेवा सगळ्यात जास्त वापरली, तिला मात्र कोणी स्टार दिलेले मला दिसले नाहीत. म्हणून हा प्रपंच. सेवेचं नाव: केंद्रस्तरीय शिक्षण परिषद. ग्राहक: जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतले शिक्षक. किंमत: फुकट, पेट्रोल आपलं, जेवणाची वर्गणी वेगळी. वेळ: महिन्यातला एक दिवस, पत्रात साडेदहा ते साडेचार.

माझी शाळा नगर जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराकडच्या बाजूला. जिल्हा आता अहिल्यानगर झालाय, पण आमच्या तोंडी अजून नगरच येतं. शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोघांपैकी एक जण रजेवर गेला की चारही वर्ग एका व्हरांड्यात. अशा शाळेत ‘शेजारच्या वर्गातल्या तिसरीच्या शिक्षिकेला विचारावं’ हा प्रकार नसतो. तालुक्याच्या आमच्या कोपऱ्यात तिसरीला गणित शिकवणारी दुसरी बाई माझ्यापासून सात किलोमीटरवर आहे, मध्ये घाट आहे आणि पावसाळ्यात ओढा.

जे शिक्षक नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९४ साली राज्यानं आसपासच्या दहा-बारा शाळांची एकेक मोट बांधली, तिला केंद्र म्हणतात. त्यातली एक केंद्रशाळा, आणि सगळ्यांवर एक केंद्रप्रमुख. राज्यात अशी ४८६० केंद्रं. केंद्रप्रमुखांनी शाळांना भेटी द्यायच्या, शिक्षकांना शिकवण्यात मदत करायची आणि सगळ्यांना अधूनमधून एकत्र बसवायचं, अशी मूळ कल्पना. ती कागदावर इतकी चांगली आहे की आजही कोणी नव्यानं मांडली तर टाळ्या पडतील. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असते आणि एखाद्या मुख्याध्यापकांच्या गळ्यात तिचा पदभार पडतो. आमच्याकडेही प्रभारीच आहेत. स्वतःची शाळा सांभाळून बाकीच्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या माणसानं आणखी काय करावं, हा प्रश्न मी त्यांना विचारत नाही. कारण ते उत्तर देतील आणि जेवायला उशीर होईल.

आता सकाळचं सत्र. अडीचऐवजी अर्धा स्टार देण्याचीही इच्छा होते, पण न्यायानं वागू.

पहिला पाऊण तास सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार, दीपप्रज्वलन, यजमान शाळेच्या मुलींचं स्वागतगीत आणि सत्कार यांत जातो. स्वागतगीताबद्दल माझी तक्रार नाही. मुली महिनाभर तयारी करतात आणि पेटी वाजवणारे गुरुजी खूश असतात. सत्कारांचं मात्र काहीतरी करायला हवं. बदलून आले त्यांचा, बदलून चालले त्यांचा, पुरस्कार मिळाला त्यांचा, ज्यांच्या मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला त्यांचा. शाल गेली आणि रोप आलं, एवढीच काय ती सुधारणा. मग मागच्या परिषदेचं इतिवृत्त वाचून कायम होतं. इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ हे वाक्य असतं. कशावर झाली ते नसतं.

त्यानंतर प्रशासकीय सूचना. कार्यक्रमपत्रिकेत त्या शेवटी असतात, प्रत्यक्षात पहिल्या येतात, कारण सगळे जागे असेपर्यंत त्या उरकायच्या असतात. यू-डायस प्लसमध्ये (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल) कोणाचं काय राहिलं, आधार कोणाचं जुळत नाही, अपार आयडी (मुलाचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक) किती निघाले, पोषण आहाराची रोजची नोंद कोणी वेळेत टाकली नाही, कोणती लिंक आजच्या आज भरायची. हे सगळं कामाचं आहे, मी नाकारत नाही. मुलाचं नाव आधारवर एक आणि हजेरीपटावर दुसरं असलं की काय होतं ते मी भोगलंय. पण यातलं काहीच असं नाही की ज्यासाठी पंचवीस-तीस माणसांनी पंचवीस-तीस वर्ग सोडून एका खोलीत बसावं. एक व्हॉट्सअॅप मेसेज पुरे. तो मेसेज आदल्या दिवशी आलेलाही असतो. परिषदेत तो वाचून दाखवतात.

मग ‘शैक्षणिक सत्र’. विषय वरून आलेला असतो आणि सुलभक, म्हणजे सत्र घेणारा, आमच्यातलाच एखादा सर. त्याला पीपीटी परवा मिळालेली असते, तो ती काल रात्री बघतो आणि आज वाचतो. वीज असली तर पडद्यावरून, नसली तर मोबाइलवरून. विषय वाईट नसतात. अध्ययन निष्पत्ती (कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं ते), पायाभूत साक्षरता, चाचणीच्या निकालाचं विश्लेषण, सगळं लागतंच. पण वाचून दाखवलेल्या पंचेचाळीस स्लाइडमधून माझ्या वर्गात काय बदलावं, हे मला एकदाही कळलेलं नाही. मग गटकार्य येतं. चार्ट पेपर, स्केच पेन, गटाला नाव (नेहमी नद्यांची किंवा फुलांची), पंधरा मिनिटांत सादरीकरण, प्रत्येक गटाला पाऊस टाळी. आमच्या केंद्रात पाऊस टाळी इतकी पडते की तालुका टँकरमुक्त व्हायला हवा होता.

सकाळला अडीच स्टार देते, त्यातला दीड सुलभक झालेल्या माणसांच्या कष्टांना. उरलेला एक चहाला. यजमान शाळेच्या स्वयंपाकी ताई आलं-गवती चहा घालून करतात, तो खरोखर चांगला असतो.

जेवणाचं वेगळं सांगायला हवं, कारण अनेकांच्या लेखी परिषद म्हणजे जेवण. यजमान शाळा फिरती असते, वर्गणी सगळ्यांची, आणि बेत कोणाचा सरस यावर मूक स्पर्धा. पुरी-भाजी आणि मसालेभात हा किमान दर्जा. एका शाळेनं मांडे केले होते, त्यांचं नाव अजून निघतं. पंगत उठायला दोन वाजतात. जेवण झाल्यावर व्याख्यान ऐकवलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी दुपारचा तास हा वर्षानुवर्षं व्याख्यानाचाच होता.

तो बदलला तो अपघातानं. दुपारचे सुलभक अचानक रजेवर गेले. प्रभारी साहेब म्हणाले, ‘‘तासभर मोकळा आहे, आपापसात अनुभवकथन करा.’’ अनुभवकथन म्हटलं की सगळे जण खिडकीबाहेर बघतात. शेवटच्या बाकावर आमच्या केंद्रातले सगळ्यात ज्येष्ठ गुरुजी सकाळपासून मान खाली घालून बसले होते. आम्हाला वाटलं टिपणं काढताहेत. ते वह्या तपासत होते. पिशवीत तिसरीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊनच आले होते, कारण परिषदेच्या दिवशी तेवढीच उसंत मिळते. साहेबांनी विचारलं तेव्हा त्यांना जरा ओशाळल्यासारखं झालं. मग एक वही वर करून म्हणाले, ‘‘अनुभव म्हणाल तर हा बघा. बावन्नातून सत्तावीस गेले, उरले पस्तीस. निम्म्या वर्गानं हेच लिहिलंय. एकमेकांचं बघून नाही, मी वेगवेगळं बसवलं होतं.’’

माझ्या शेजारच्या मॅडम म्हणाल्या, ‘‘अहो गुरुजी, ह्या तर माझ्याच पोरांच्या वह्या दिसताहेत.’’

मी या सेवेला पाच स्टार देते ते त्या दुपारपासून जे सुरू झालं त्याला. आम्ही त्याला ‘वह्यांचा तास’ म्हणतो. पत्रिकेत अजून ‘अनुभवकथन’च छापतात.

पस्तीस का येतात हे तसं सोपं आहे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल सातातून दोन काढतं. त्याला ‘मोठ्यातून लहान’ इतकंच लक्षात राहिलेलं असतं, आणि ते आम्हीच सांगितलेलं असतं, पहिलीत, बिनहातच्याची वजाबाकी शिकवताना. हे त्या दिवशी एका सरांनी फळ्यावर मांडलं आणि आम्ही सगळेच गप्प झालो. कारण पहिलीतलं ते वाक्य आम्ही सगळेच म्हणतो. ‘निपुण भारत’ हे पायाभूत वाचन-गणिताचं केंद्र सरकारचं अभियान २०२१ च्या जुलैत सुरू झालं. त्याच्या लक्ष्यांप्रमाणे ९९ पर्यंतची वजाबाकी दुसरीच्या मुलाला यायला हवी. आमची तिसरीची मुलं तिथं अडकली होती, आणि सकाळच्या सत्रात ते लक्ष्य आम्ही कितीदा तरी एकत्र मोठ्यानं वाचलं होतं.

खरी गंमत पुढच्या महिन्यात आली. ठरवून सगळ्यांनी तेच एक उदाहरण, ५२ वजा २७, आपापल्या तिसरीला दिलं आणि वह्या घेऊन आलो. टेबलावर ढीग लावले: पंचवीसचा, पस्तीसचा, एकोणऐंशीचा (त्यांनी बेरीजच केली होती), आणि एक छोटा ढीग पंधराचा. पंधरा कुठून आले ते कोणालाच सांगता येईना. अंदाजपंचे असते तर वेगवेगळे आकडे आले असते. तीनचार मुलांना एकच चूक उत्तर येतं म्हणजे त्यांच्याकडे एकच रीत आहे.

ती वही घेऊन एक मॅडम परत गेल्या आणि पोराला म्हणाल्या, बोलत बोलत करून दाखव. तो म्हणाला: दोनातून सात जात नाहीत, दशकाकडून एक घेतला, पाचाचे चार झाले. बारातून सात गेले, पाच. हातचा एक, म्हणून दोनाचे तीन. चारातून तीन गेले, एक. पंधरा.

वाचणाऱ्यांपैकी जे साठीच्या पुढचे असतील त्यांच्या लगेच लक्षात येईल. जुन्या रीतीत वरच्या दोनाचे बारा करायचे आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या दशकात हातचा एक मिळवायचा. वरच्या पाचाला हात लावायचा नाही. पाचातून तीन गेले दोन, उत्तर पंचवीस. आमच्या रीतीत वरचा दशक सुटा करायचा, पाचाचे चार करायचे आणि खालच्या दोनाला हात लावायचा नाही. त्यातूनही पंचवीसच. शाळेत तो आमची रीत शिकत होता आणि संध्याकाळी आजोबा त्यांची शिकवत होते. पोरगं इतकं आज्ञाधारक की त्यानं दोघांचंही ऐकलं. ‘‘मॅडम,’’ आमचे गुरुजी म्हणाले, ‘‘ह्याची चूक नाहीच, दोन बरोबर रीती एकमेकीत घुसल्यात.’’

त्या पंधरावर मी आधी काय केलं असतं? लाल फुली, ‘लक्ष देऊन सोडव’ असा शेरा, आणि तीच रीत पुन्हा फळ्यावर. माझ्या वर्गात अशी मुलं नव्हती असं मला वाटत होतं. नंतर शोधलं तर सापडली. वेगवेगळ्या उदाहरणांत विखुरलेली होती आणि मी ती ‘कच्ची मुलं’ म्हणून एकाच डब्यात टाकली होती. एकट्या बाईला एका वर्गातली दोन मुलं दिसतात. चार शाळांच्या वह्या एका टेबलावर आल्या की तीच दोन-दोन मुलं मिळून ढीग होतो आणि ढिगाकडे बघावंच लागतं. छोट्या शाळांसाठी केंद्र का हवं याचं यापेक्षा चांगलं कारण मला माहीत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवलेत. त्यात गट शाळेच्या आत बनूच शकत नाही, तो शाळा-शाळांमध्येच बनवावा लागतो.

तासाचे नियम भांडणांतून आले. प्रत्येकानं चार-पाच वह्या आणायच्या, त्यात हुशार मुलाची एकही नको. सुरुवातीला सगळे मोत्यासारख्या अक्षरांच्या वह्या आणत, जणू प्रदर्शनच. मुलाच्या नावावर कागद चिकटवायचा. पहिली दहा मिनिटं ज्याची वही त्यानं बोलायचं नाही, कारण तो बोलला की खुलासेच देतो. आणि त्या दहा मिनिटांत ‘पालक’, ‘मोबाइल’ आणि ‘लक्ष नाही’ हे तीन शब्द कोणीच काढायचे नाहीत. हा शेवटचा नियम माझा. तो मान्य व्हायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ते तीन शब्द काढले तर आमच्यातल्या काही जणांकडे बोलायला काही उरतच नव्हतं. मीही त्यातलीच.

मग पुढची पायरी: एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी बघायचं. यजमान शाळेचीच तिसरी, परिषदेचाच दिवस, म्हणजे कोणाचा वर्ग वेगळा सोडायला नको. आइसक्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले. शिकवणाऱ्या सरांकडे बघायचं नाही, प्रत्येकानं दोन मुलं वाटून घ्यायची आणि त्यांच्या हातांकडे बघायचं. जपानमध्ये शिक्षक हे शंभराहून जास्त वर्षं करत आलेत, ‘जुग्यो केंक्यू’ म्हणतात त्याला. तिथल्या शिक्षकांना ही सवयच आहे. आमच्याकडे मागे बसून पाठ बघायचा म्हणजे साहेबांची तपासणी, म्हणून पहिल्यांदा सरांच्या हातातला खडू दोनदा पडला.

माझ्या वाट्याला एक मुलगी आली होती. सरांनी सांगितलं, एक गठ्ठा सोडा. तिनं सोडला आणि काड्या एकेक करून मोजल्या, दहा भरल्यावर मग पुढं गेली. दुसऱ्या उदाहरणाला परत सोडला, परत मोजल्या. गठ्ठ्यात दहाच असणार यावर तिचा भरवसाच नव्हता. फळ्याजवळून हे कधीच दिसलं नसतं. तिथून ती फक्त ‘सावकाश करणारी’ दिसते. ‘दशक सुटा करा’ या आमच्या वाक्याला तिच्या लेखी काही अर्थ नव्हता, कारण दशक ही वस्तूच तिच्या मनात अजून बांधली गेली नव्हती. चर्चेत मी हे सांगितलं तेव्हा आणखी दोघांनी आपापल्या मुलांबद्दल तेच सांगितलं. त्या महिन्यात आम्ही वजाबाकी थांबवली आणि नुसते गठ्ठे बांधायचं काम केलं. मुलांनीच बांधायचे, मुलांनीच रबर लावायचं, गुरुजींनी तयार गठ्ठे द्यायचे नाहीत. तयार साहित्य देण्याची आमची हौसच इथं नडत होती.

निकाल विचाराल तर पस्तीसवाले कमी झाले, संपले नाहीत. पंधरावाल्यांना आजोबांची रीत आणि शाळेची रीत वेगवेगळ्या पानांवर करायला दिली. दोन्हींतून पंचवीस येतात हे दिसल्यावर एक पोरगा इतका खूश झाला की त्यानं आजोबांनाच शाळेत आणलं. मग ३०४ वजा १२८ आलं, मधल्या शून्यानं सगळ्यांना परत आडवं केलं, आणि तासाला पुढच्या तीन महिन्यांचा विषय मिळाला. दुसरीच्या शिक्षकांनी ‘एकोणसाठ’ सांगितलं की ६९ लिहिणाऱ्या मुलांच्या वह्या आणल्या. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसबरोबर ‘वीस सात’ म्हणण्याची रीत आली, तेव्हा वाद विधानसभेपर्यंत गेला होता. त्या वेळी टीव्हीवर मी पुष्कळ माणसं बोलताना पाहिली, वही हातात घेतलेलं कोणी पाहिलं नाही. आमच्या टेबलावर तो वाद पंधरा मिनिटांत निवला, कारण समोर वह्या होत्या.

नव्या भरतीतून आलेला एक तरुण सर आमच्या गटात आहे. त्यानं एक कागद आणला, त्यावर चार प्रश्न: मुलांनी नेमकं काय शिकावं? ते शिकले हे आपल्याला कसं कळेल? नाही शिकले तर आपण काय करू? आणि ज्यांना आधीच येतंय त्यांच्यासाठी काय करू? शिकागोजवळच्या एका हायस्कूलचे मुख्याध्यापक रिचर्ड ड्युफोर यांनी शिक्षकांच्या गटांसाठी हे प्रश्न रूढ केले, आणि जगभर शिक्षकांचे गट ते वापरतात. मी अशा आयात गोष्टींकडे जरा संशयानंच बघते. त्यांच्याकडे एकाच इमारतीत बीजगणिताचे चार-पाच शिक्षक. आमच्याकडे एका बाईकडे दोन वर्ग, सगळे विषय आणि तांदळाचा साठा. पण प्रश्न पक्के आहेत. सकाळच्या सत्राला ते लावून बघितले तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मिळतं, तेही छापील. उरलेल्या तिघांच्या वाटेला सकाळ जातच नाही.

तक्रारीही सांगते, नाहीतर हा रिव्ह्यू विकत घेतल्यासारखा वाटेल.

पहिली: तास कोणाच्या तरी नजरेत भरला. पुढच्या महिन्यात एक प्रपत्र आलं. शाळेचं नाव, वह्यांची संख्या, चुकीचा प्रकार, केलेली उपाययोजना, जिओ-टॅग फोटो किमान तीन. तो महिना आम्ही वह्यांऐवजी फोटो काढले. तास मरतोय असं वाटलं. शेवटी गुरुजींनी तोडगा काढला: प्रपत्र एकानं सगळ्यांसाठी भरायचं, फोटो पहिल्या दोन मिनिटांत काढायचे, मोबाइल मग खिडकीत ठेवायचे. चाललंय.

दुसरी: तीस जणांत हा तास होत नाही. चार-पाचांच्या टोळक्यातच होतो, आणि टोळकी इयत्तेप्रमाणे लागतात. पहिल्याच महिन्यांत सगळ्यांना एका वर्तुळात बसवलं तेव्हा बोलणारे तेच पाच बोलले आणि बाकीचे मसालेभात पचवत बसले. सहावी-सातवीच्या भाषेच्या शिक्षकांना तर अजून काही सापडलेलं नाही. निबंधाच्या वह्यांवर तीन परिच्छेदांत काय बघायचं यावर त्यांचं एकमत होत नाही.

तिसरी: याची कुठं नोंद नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. आमच्याकडे हा तास त्या हिशेबात कोणी धरत नाही, कारण प्रमाणपत्र निघत नाही. मोबाइलवरच्या कोर्सचं निघतं. त्या कोर्समधलं साहित्य काही वेळा खरंच चांगलं असतं, पायाभूत संख्याज्ञानावरचे काही व्हिडिओ मी दोनदा बघितलेत. पण तो अभ्यास एकटीनं, रात्री, भाकरी झाल्यावर करायचा असतो. आणि शेवटच्या चाचणीच्या उत्तरांची पीडीएफ कोर्सच्या लिंकआधी ग्रुपवर आलेली असते. तीन स्टार, तेही व्हिडिओंना.

तालुक्याच्या हॉलमध्ये बाहेरच्या तज्ज्ञांच्या दोन दिवसांच्या कार्यशाळा होतात, त्यांना दोन. माणसं हुशार, बोलणं छान, पिशवी आणि डायरी मिळते. तिसऱ्या दिवशी शाळेत गेलं की डायरी मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदींना वापरते. दहाएक वर्षांपूर्वी, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या राज्याच्या कार्यक्रमाच्या आसपास, साताऱ्याचं कुमठे बीट (बीट म्हणजे काही केंद्रांचा मिळून एक गट) बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या जायच्या. आमच्याकडूनही गेल्या होत्या. फरशीवरचे तक्ते, खडे, काड्या घेऊन बसलेली मुलं हे बघून आलेले लोक भारावलेले असत, आणि पुढच्या महिन्यात फरशा रंगायच्या. काही शाळांत त्या फरशांवर खरंच काम झालं, काही ठिकाणी रंग तेवढा उरला. आता मला वाटतं, तिथल्या शिक्षकांनी आपसात बसून काय काय ताडलं असेल, हे आम्ही विचारायला हवं होतं. आम्ही फरशीचे फोटो आणले.

कोणाला उपयोग? द्विशिक्षकी, एकशिक्षकी शाळेतल्या सगळ्यांना. नव्यानं लागलेल्यांना तर नक्की, कारण त्यांना वाटतं की पस्तीस फक्त आपल्याच वर्गात येतात. ज्यांना आपला वर्ग नंबर एक आहे असं सांगायचं असतं त्यांनी सकाळी यावं, तिथं सोय आहे.

त्या कागदावरच्या चौथ्या प्रश्नावर, ज्यांना आधीच येतंय त्यांचं काय यावर, आमचा गट अजून कोरडाच आहे. माझ्याकडे एक मुलगी ३०४ वजा १२८ तोंडी करते. तीनशेतून १२८ काढले, १७२, वरचे चार मिळवले, १७६. कागद लागत नाही. तिला मी दुसऱ्यांच्या वह्या तपासायला देते आणि स्वतःला सांगते की हे तिच्यासाठी आहे. गटात सांगितलं तेव्हा तरुण सर म्हणाला, ‘‘ताई, हे तर तुमचं काम हलकं झालं.’’ त्याचं बरोबर आहे. आता तिला उलटं काम दिलंय: उत्तर १७६ येईल अशी वजाबाकी बनव, पण अशी की वर्गातला अमुक एक जण फसेल. ती कोण कुठं फसतो ते माझ्यापेक्षा चांगलं ओळखते. तिची ती यादी पुढच्या परिषदेला नेणार आहे, ‘हुशार मुलाची वही नको’ हा नियम मोडून.

जाणाऱ्यांसाठी शेवटची सूचना: वह्या प्लास्टिकच्या पिशवीत न्या, घाटात पाऊस धरतो. आणि जेवणाची वर्गणी यजमान मुख्याध्यापकांना सकाळीच द्या. दुपारनंतर त्यांच्याकडे सुटे नसतात.